संगणकाची सुटी स्मृति

घरांत नवा संगणक आला म्हणजे पहिले दोन दिवस त्याच्या वेगाचें कौतुक चालतें. तिसऱ्या दिवशीं जुन्या संगणकांतील संचिताची आठवण होते. हिशेबाच्या वह्या, मुलांचीं छायाचित्रें, वडिलांनीं टंकलिखित करून ठेविलेले लेख, असें पुष्कळसें धन एखाद्या चकतीवर किंवा बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर जतन केलेलें असतें. मग प्रश्न उभा राहतो कीं, ही चकती घालावयास नव्या यंत्राला खांच आहे कोठें? खांच असली तर चकतीवरील मजकूर त्यास वाचतां येईल काय? आणि वाचतां आला तर त्यांत नवी भर घालतां येईल काय? हे तीन प्रश्न दिसावयास घरगुती आहेत. परंतु संगणनविद्येचा गेल्या सवाशें वर्षांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक पिढीस ते नव्यानें सोडवावे लागले, असें दिसून येईल.

संगणकाची स्मृति दोन प्रकारची असते. एक यंत्राच्या पोटांत कायमची बसविलेली. दुसरी यंत्रापासून वेगळी काढतां येणारी, खिशांत घालून परगांवीं नेतां येणारी. पहिलीस घरांतील बळदाची उपमा द्यावी, तर दुसरी शिदोरीसारखी आहे. बळदांतील धान्य घराबरोबर राहतें. शिदोरी माणसाबरोबर चालते. ह्या शिदोरीचा इतिहास म्हणजे केवळ लहान जागेंत अधिकाधिक माल मावविण्याचा इतिहास नव्हे. लिहिलेल्यावर पुन्हां लिहितां यावें कीं लिहिलेलें अचल राहावें, ह्या दोन इच्छांमधील ओढाताण हाच त्याचा खरा विषय आहे.

भोकांच्या द्वारें यंत्रास आज्ञा देण्याची युक्ति प्रथम विणकराच्या मागावर नांवारूपास आली. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार ह्यानें १८०४ च्या सुमारास नक्षीदार रेशमी कापड विणण्यासाठीं भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागास जोडली. पुठ्ठे बदलले कीं नक्षी बदले. पुढें अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेंत हर्मन हॉलरिथ ह्यानें प्रत्येक माणसामागें एक कार्ड योजिलें आणि त्याचें वय, जन्मस्थान, धंदा वगैरे गोष्टी भोकांनीं दर्शविल्या. १९२८ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें ८० स्तंभांचें कार्ड प्रचारांत आणलें. एका कार्डावर ८० अक्षरें मावत. नवी नोंद म्हणजे नवें कार्ड. तें गठ्ठ्यांत योग्य जागीं खोंचलें कीं भर पडली. चुकून पाडलेलें भोंक मात्र बुजत नसे. सारें कार्डच बदलावें लागे. गठ्ठा हातांतून सांडला तर क्रम पुन्हां लावतां यावा म्हणून त्याच्या कडेवर शाईची एक तिरपी रेघ ओढून ठेवण्याची युक्ति लोक करीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ मध्यें सी. डी. सी. ३६०० हा मोठा संगणक आला, त्या काळांतहि आपलें गणित कार्डांच्या गठ्ठ्यांत बांधून यंत्राकडे न्यावयाचें, हीच अभ्यासकांची रीत होती.

कार्डांचे ढीग वाढूं लागले तेव्हां चुंबकीय फीत पुढें आली. १९५१ मध्यें अमेरिकेच्या जनगणना कार्यालयास मिळालेल्या युनिव्हॅक संगणकास धातूची फीत होती. १९५२ मध्यें आय. बी. एम. नें प्लॅस्टिकची हलकी फीत वापरांत आणली. फितीवर हजारों कार्डांचा मजकूर मावे, परंतु तिला एक अडचण होती. कार्ड मध्येंच खोंचतां येई. फितीच्या मध्यें कांहीं खोंचतां येत नसे. एखाद्या ग्राहकाचा पत्ता बदलला तर जुनी फीत आरंभापासून वाचावयाची, बदलांची यादी तिच्याशीं ताडून पाहावयाची, आणि संपूर्ण मजकूर दुसऱ्या कोऱ्या फितीवर नव्यानें लिहावयाचा, असा खटाटोप करावा लागे.

ह्या खटाटोपांतून एक मोठी सोय अकस्मात् निर्माण झाली. नवी फीत लिहिली तरी जुनी तशीच राही. नव्या फितीस मुलगा, तिच्या आधीच्या फितीस बाप आणि त्याहि आधीच्या फितीस आजोबा, अशीं नांवें कचेऱ्यांतून रूढ झालीं. मुलास कांहीं अपाय झाला तर बापापासून तो पुन्हां निर्माण करीत. बापहि बिघडला तर आजोबा कपाटांत सुखरूप असे. तीन पिढ्या हातीं असल्यावांचून आजोबास पुसावयाचें नाहीं, हा दंडक होता. फितीच्या रिळामागें एक छोटेंसें कडें बसविलेलें असल्याशिवाय यंत्र तीवर कांहीं लिहीत नसे. जपून ठेवावयाच्या फितीचें कडें काढून घेतलें कीं ती सुरक्षित झाली. लिहिण्याची परवानगी हातांत धरतां येण्याजोग्या वस्तूच्या रूपानें माणसापाशीं असे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मध्येंच भर घालण्याची अडचण फिरत्या चकतीनें दूर केली. १९५६ च्या आय. बी. एम. रॅमॅक यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरें मावत. परंतु त्या यंत्रांतून काढावयाच्या नव्हत्या. १९६२ मध्यें त्याच कंपनीनें काढतां घालतां येणाऱ्या चकत्यांचा जुडगा विक्रीस आणला. त्याचें वजन सुमारें १० पौंड असून त्यावर सुमारें २० लाख अक्षरें राहत. घरगुती उपयोगाची चकती मात्र भलत्याच निमित्तानें जन्मास आली. मोठ्या यंत्रांच्या अंतर्गत आज्ञा टपालानें ग्राहकाकडे पाठवितां याव्यात, एवढ्याच हेतूनें डेव्हिड नोबल व त्याचे सहकारी ह्यांनीं ८ इंचांची लवचीक चकती तयार केली. १९७१ मध्यें ती बाजारांत आली तेव्हां तिची धारणा सुमारें ८० किलोबाइट होती, आणि ग्राहकाच्या यंत्रास ती फक्त वाचतां येई. तिच्यावर लिहितां येत नसे. धुळीनें ती खराब होऊं लागली म्हणून तिला पाकिटांत बंद करून आंतून मऊ अस्तर लाविलें. चकती फिरतां फिरतां त्या अस्तरावर आपोआप पुसली जाई.

१९७३ मध्यें लिहितां येण्याजोगी फ्लॉपी निघाली. एका चकतीवर सुमारें तीन हजार कार्डांचा मजकूर राहूं लागला आणि कार्डांचें राज्य मावळावयास लागलें. पुढें १९७६ मध्यें सव्वापांच इंचांची, १९८१ मध्यें सोनी कंपनीची साडेतीन इंचांची, अशा लहान चकत्या निघाल्या. १९८७ पासून १.४४ मेगाबाइटची, म्हणजे १४,७४,५६० बाइटांची चकती सर्वत्र रुळली. कडें गेलें, पण त्याची कल्पना राहिली. सव्वापांच इंचांच्या पाकिटाची कडेची खांच चिकटपट्टीनें झांकली कीं लेखन बंद होई. साडेतीन इंचांच्या चकतीस त्याच कामासाठीं एक लहानशी सरकती खिडकी होती.

फ्लॉपीवर फाइल जतन होते म्हणजे काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. चकतीच्या आरंभीं एक अनुक्रमणिका असते. फाइलीचें नांव, तिची लांबी आणि तिचा पहिला तुकडा कोठें आहे ही माहिती तींत लिहितात. पुढचे तुकडे कोठें आहेत ह्याचा कोष्टकरूप पत्ता निराळा ठेवितात. नवी फाइल घालावयाची तर रिकामे तुकडे शोधावयाचे, त्यांत मजकूर भरावयाचा आणि मग अनुक्रमणिकेंत नोंद करावयाची. फाइल पुसली म्हणजे मजकूर नाहींसा होत नाहीं. अनुक्रमणिकेंतील नांवाच्या पहिल्या अक्षरावर एक खूण होते आणि ती जागा रिकामी समजली जाते. म्हणूनच चुकून पुसलेली फाइल तत्काळ प्रयत्न केल्यास पुष्कळदां परत मिळे. म्हणूनच, उलटपक्षीं, लेखन चाललें असतां चकती ओढून काढली तर मजकूर जागेवर असूनहि अनुक्रमणिका अपुरी राही आणि सारें ग्रंथालय सूचीवांचून अनाथ होई. १९८४ च्या मॅकिन्टॉश यंत्रानें ह्यावर एक उपाय योजिला. त्याला चकती काढण्याची कळच नव्हती. वापरणारानें पडद्यावरून निरोप द्यावयाचा. राहिलेलें लेखन पुरें करून यंत्र स्वतः चकती बाहेर सारी.

त्याच ॲपल कंपनीचा आयमॅक हा संगणक १९९८ च्या ऑगस्टमध्यें विक्रीस आला, आणि त्यास फ्लॉपीची खांचच नव्हती. ज्यांच्या खणांत शेंकडों चकत्या भरल्या होत्या त्यांना हा धक्काच होता. नवें यंत्र उत्तम. पण जुनें संचित त्यांत न्यावयाचें कसें? निराळा वाचक विकत घेऊन तो तारेनें जोडणें हा एक मार्ग होता, आणि तो शक्य झाला तो यू. एस. बी. ह्या नव्या जोडणीमुळें. १९९६ मध्यें प्रथम प्रसिद्ध झालेल्या ह्या सर्वसामान्य जोडणीच्या शिल्पकारांत अजय भट्ट ह्यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. छपाईयंत्र, कळफलक, माउस ह्यांच्या निरनिराळ्या खांचांऐवजीं एकच खांच, ही कल्पना आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्यापूर्वींचा गोंधळ कोणास आठवतहि नाहीं.

दरम्यान प्रकाशानें लिहावयाची चकती घरोघर पोंचली होती. सीडी १९८२ मध्यें संगीतासाठीं निघाली. वापरणारास स्वतः लिहितां येईल अशी कोरी सीडी त्याच दशकाच्या अखेरीस तयार झाली. हींत रंगद्रव्याचा एक थर असतो. लेसरच्या उष्णतेनें त्यावर ठिपके उमटतात आणि उमटलेला ठिपका पुन्हां निघत नाहीं. कार्डावरील भोकाची गोष्ट शंभर वर्षांनीं पुन्हां आली. धारणा मात्र ६५० ते ७०० मेगाबाइट, म्हणजे साडेचारशेंहून अधिक फ्लॉपींएवढी! पण एकदां ५० मेगाबाइट लिहिल्यावर उरलेल्या जागेचें काय? ह्यावर लेखनसत्रांची युक्ति निघाली. प्रत्येक सत्राच्या आरंभीं व शेवटीं सीमा घालावयाच्या, आणि नव्या सत्राच्या अनुक्रमणिकेंत मागील सत्रांतील फाइलींचीहि नोंद घ्यावयाची. ही मागील नोंद घ्यावयाची राहिली तर जुन्या फाइली चकतीवर असूनहि दिसेनाशा होत. शिवाय पहिल्या सत्रानंतरच्या प्रत्येक सत्रास सुमारें १३ मेगाबाइट जागा केवळ सीमांसाठीं खर्चीं पडे.

कोडॅक कंपनीनें १९९२ मध्यें फोटो सीडी काढली ती ह्याच युक्तीच्या बळावर. ग्राहकानें छायाचित्रांचा रोल दुकानीं द्यावा आणि चित्रें सीडीवर उतरवून घ्यावींत. पुढील सणासमारंभानंतर तीच सीडी पुन्हां नेऊन नव्या रोलची भर घालावी. सुमारें शंभर चित्रें एका चकतीवर राहत. परंतु त्या काळांतील कित्येक जुने वाचक फक्त पहिलें सत्र ओळखीत. त्यांना पहिल्या समारंभाचीं चित्रें दिसत. नंतरचीं चकतीवर असून नसल्यासारखीं होत. लिहिणारें यंत्र पुढें गेलें आणि वाचणारें मागें राहिलें, म्हणजे कसा पेंच पडतो, ह्याचें हें बोलकें उदाहरण आहे.

२००१ च्या विंडोज एक्सपी ह्या प्रणालींत सीडीवर लिहिण्याची सोय अंगभूत झाली. पण तेथें फाइली प्रथम एका तात्पुरत्या जागीं जमा होत आणि लेखनाची निराळी आज्ञा दिल्यावरच चकतीवर उतरत. फाइल सीडीच्या चित्रावर नेऊन टाकली म्हणजे ती जतन झाली, असें समजून पुष्कळांनीं कोऱ्याच चकत्या जपून ठेविल्या. २००७ मध्यें घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टानें दोन रीती पुढें ठेविल्या : एक, फाइल टाकतांक्षणीं लिहिली जाणारी, वरचेवर भर घालण्यास सोयीची, दुसरी, सर्व गोळा करून एकदम लिहावयाची, जुन्या वाचकांसहि वाचतां येणारी. आपल्याच टेबलावर काम करणारानें पहिली घ्यावी, दुसऱ्याच्या हातीं चकती द्यावयाची असेल त्यानें दुसरी घ्यावी, हा त्यांतला साधा विवेक होता.

चकत्यांचा हा सारा थाट एका बोटभर वस्तूनें मागें सारला. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८४ मध्यें फ्लॅश स्मृतीचें संशोधन जगापुढें मांडलें. विद्युद्रोधक थरांनीं वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्कण कोंडून ठेवावयाचे, आणि पुसतांना अशा कप्प्यांचा एक सबंध समूह एकदम रिकामा करावयाचा, हें तिचें तत्त्व. २००० मध्यें सिंगापूरच्या ट्रेक आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्स ह्या कंपन्यांचीं सुटीं उपकरणें बाजारांत आलीं, आय. बी. एम. नें विकलेलें पहिलें ८ मेगाबाइटचें, म्हणजे पांचसहा फ्लॉपींएवढें होतें. हिंदुस्थानांत त्यास पेन ड्राइव्ह हेंच नांव रूढ झालें. भर घालणें आतां अगदीं सोपें झालें, तरी जुनें सावधपण सुटलें नाहीं. पडद्यावर काम झालेलें दिसलें तरी कांहीं मजकूर संगणकाच्या पोटांत रांग लावून थांबलेला असूं शकतो. म्हणून पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वीं तशी आज्ञा देण्याची शिस्त आली. २०१८ पासून विंडोज १० नें असें लेखन रांगेंत न ठेवण्याची रीत मूळचीच म्हणून स्वीकारली. तरीहि लेखन चाललें असतां उपकरण ओढून काढणें धोक्याचेंच आहे. कोंडलेले विद्युत्कणहि कायमचे कैदी नव्हेत; वर्षानुवर्षें खणांत पडून राहिलेल्या पेन ड्राइव्हवर सर्वस्वीं विसंबणें शहाणपणाचें नाहीं.

वाचणारें यंत्र नाहींसें झालें म्हणजे काय ओढवतें, ह्याचा धडा इंग्लंडला मिळाला. १०८६ सालच्या डूम्सडे बुक ह्या जमीनपाहणीच्या ग्रंथास ९०० वर्षें झालीं म्हणून बी. बी. सी. नें १९८६ मध्यें नवी राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध केली. दहा लाखांहून अधिक लोकांनीं, विशेषतः शाळांतील मुलांनीं, आपापल्या गांवाची माहिती व चित्रें पाठविलीं आणि तीं लेसर चकत्यांवर सांठविलीं गेलीं. अवघ्या पंधरा वर्षांत त्या चकत्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं. चामड्यावर लिहिलेला ९०० वर्षांचा ग्रंथ वाचतां येत होता. पंधरा वर्षांची चकती वाचतां येत नव्हती! २००२ मध्यें लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं जुन्या यंत्राचें सोंग नव्या संगणकाकडून वठवून तो मजकूर सोडविला.

अमेरिकेंतील दोन गोष्टी ह्याला जोडून सांगण्यासारख्या आहेत. १९६९ च्या चंद्रावतरणाच्या मूळ संदेशांच्या फिती बहुधा पुसून पुन्हां वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासानें २००९ मध्यें काढला. पुन्हां लिहितां येणें हा फितीचा गुणच तिचा काळ ठरला. दुसरी गोष्ट सुखाची आहे. १९६६-६७ मध्यें चंद्राभोंवतीं फिरलेल्या पांच यानांच्या चित्रफितींचा नाश होऊं न देतां नॅन्सी इव्हान्स ह्या बाईंनीं त्या राखल्या आणि त्या वाचणारीं अवजड यंत्रें मिळवून आपल्या गॅरेजमध्यें कित्येक वर्षें सांभाळलीं. त्यांच्याच जोरावर २००८ मध्यें चंद्रक्षितिजावरील पृथ्वीचें १९६६ सालचें चित्र पूर्वींपेक्षां कितीतरी स्पष्ट रूपांत पुन्हां मिळालें. फिती राखणारे पुष्कळ असतात. वाचक यंत्र राखणारा विरळा.

महाराष्ट्रास हा अनुभव अगदींच परका नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधून शतकभर टिकले. पण ते मोडींत होते, आणि मोडी सहज वाचणारे दिवसेंदिवस कमी होत गेले. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादनाखालीं १९३० पासूनच्या कांहीं वर्षांत निवडक कागदांचे ४५ भाग बाळबोध लिपींत छापले गेले, तेव्हां तो इतिहास सामान्य अभ्यासकांच्या हातीं आला. कागद तेच, अक्षरें तींच. परंतु नव्या पिढीस वाचतां येईल अशा रूपांत त्यांचें स्थलांतर करावें लागलें. चकती आणि संगणक ह्यांच्या बाबतींत हेंच काम आतां दोनशें वर्षांऐवजीं दहा वर्षांनीं करावें लागतें, एवढाच फरक.

फ्लॉपीचें आयुष्य त्या मानानें दीर्घच म्हटलें पाहिजे. सोनीनें २०११ मध्यें तिचें उत्पादन थांबविलें; अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या संदेशव्यवस्थेंतून ८ इंचांची चकती २०१९ मध्यें निघाली; जपानच्या सरकारी नियमांतून फ्लॉपीची सक्ति २०२४ मध्यें उठली. ह्यापुढें पेन ड्राइव्हचीहि पाळी येईलच. म्हणून जुना संगणक अडगळींत टाकण्यापूर्वीं खणांतील चकत्या त्यावर एकेक उघडून पाहाव्या, त्यांतील मजकूर नव्या यंत्रांत व आणखी एका वेगळ्या संग्रहावर उतरवावा, उतरविलेली फाइल नव्या यंत्रावर खरोखरच उघडते ना ह्याची खात्री करावी, आणि मगच जुनी प्रत दूर करावी. फितींच्या काळचा तीन पिढ्यांचा दंडक घराघरांत पाळण्यासारखा आहे. नातवंडांच्या हातीं आजोबांचीं पत्रें पोंचावयाचीं असतील, तर मधल्या पिढीनें एकदां तरी तीं नव्यानें उतरवून ठेविलीं पाहिजेत.